केशर मला दिसेना

मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हा आम्ही मिरजेला राहायचो. आमच्या गच्चीवर माशांची टाकी होती. टाकीच्या वर खडीचा वाफा. वाफ्यात हिरवागार अळू. पंप टाकीतलं पाणी वर चढवायचा. वरून ते स्वच्छ होऊन खाली यायचं. टिप टिप टिप. माझ्या कुंदाआत्याने केलं होतं ते सगळं, स्वतःच्या हातांनी.

त्या टाकीत राहायची गोगी. गोगी म्हणजे गोगलगाय. एवढीश्शी! शेंगदाण्याएवढी. तिची मैत्रीण होती केशर. केशर म्हणजे नारिंगी मासोळी. दोघी दिवसभर खेळायच्या.

एके सकाळी काय झालं? गोगी उठली. बघते तर पाणी गढूळ! इकडे बघितलं, केशर नाही. तिकडे बघितलं, केशर नाही.

"केशर, अगं केशर!"

लांबून बारीक आवाज आला, "इथेच आहे गं. पण मला दम लागतो."

गोगी घाबरली. निघाली वर. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. आली अळूकडे.

"अळूदादा, अळूदादा, पाणी प्या ना!
पाणी काही निवळेना,
केशर मला दिसेना!"

अळूदादा म्हणाला, "मी नाही जा! आधी खडीला घाण गाळू दे. मग मी पिईन."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. आली खडीकडे.

"खडीताई, खडीताई, घाण गाळा ना!
अळू पाणी पिईना,
पाणी काही निवळेना,
केशर मला दिसेना!"

खडीताई म्हणाली, "मी नाही जा! माझ्या पोटात इवले इवले जीव राहतात. ते घाण खातात, तिचं अळूसाठी जेवण करतात. पण पाणीच वर येत नाही. सगळे सुकलेत बिचारे. आधी पंपाला पाणी चढवू दे. मग मी गाळीन."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. आली पंपाकडे.

"पंपमामा, पंपमामा, पाणी चढवा ना!
खडी घाण गाळेना,
अळू पाणी पिईना,
पाणी काही निवळेना,
केशर मला दिसेना!"

पंपमामा म्हणाले, "घर्र... घर्र... मी नाही जा! माझ्या तोंडात गाळ अडकलाय. आधी कुंदाआत्याला मला धुऊ दे. मग मी चढवीन."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. दमली. थांबली. पुन्हा निघाली. आली आत्याच्या पायापाशी.

"कुंदाआत्या, कुंदाआत्या, पंप धुवा ना!
पंप पाणी चढवेना,
खडी घाण गाळेना,
अळू पाणी पिईना,
पाणी काही निवळेना,
केशर मला दिसेना!"

कुंदाआत्या खाली बसली. म्हणाली, "अगं बाई, चारदा धुतला की! पण आमची नीलू माशांना मूठमूठ खाणं टाकते. मासे खातात चिमूटभर. उरलेलं कुजतं, त्याचाच गाळ होतो. आधी नीलूला मूठ आवरू दे. मग मी धुवीन."

नीलू कोण, माहितीये? मीच! तुझी आई!

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. मी उभी होते टाकीपाशी. हातात खाण्याची मूठ. गच्च!

"नीलूबाई, नीलूबाई, मूठ आवरा ना!
आत्या पंप धुवेना,
पंप पाणी चढवेना,
खडी घाण गाळेना,
अळू पाणी पिईना,
पाणी काही निवळेना,
केशर मला दिसेना!"

मी म्हटलं, "मी नाही जा! मासे वर येऊन 'आ' करतात. बघ, बघ! त्यांना भूक लागलीये."

गोगी म्हणाली, "भूक नाही गं नीलूबाई. त्यांना दम लागलाय."

मी बघितलं. केशर वर आली होती. आ, आ, आ. समोरचं खाणं तसंच तरंगत होतं. तिने एक दाणासुद्धा घेतला नाही.

माझ्या डोळ्यांत टपकन पाणी आलं. मी केशरला किती जपायचे! आणि मीच...

मी मूठ उघडली. सगळं खाणं परत डब्यात टाकलं. सळ्ळ!

मग काय!

नीलूने मूठ आवरली.
आत्याने पंप धुतला. खसाखसा!
पंपाने पाणी चढवलं. भुर्र भुर्र!
खडीने घाण गाळली. झिर झिर!
अळू पाणी प्यायला. गट गट!

नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून आत्याने आदल्या दिवशीच दोन बादल्या पाणी भरून उघड्यावर ठेवलं होतं. टाकीतलं थोडं गढूळ पाणी काढलं. ते नवं हळूहळू आत ओतलं.

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पाणी निवळलं. अगदी नितळ!

गोगी काचेवर चढली. सुळुक सुळुक.

आणि केशर दिसली!

केशर सुर्रकन आली. गोगीभोवती गोल फिरली. एकदा, दोनदा, दहादा! गोगी खुदकन हसली.

कुंदाआत्याने मला कडेवर घेतलं. तिच्या ओल्या हातांना अळूचा वास येत होता. अजून आठवतो मला. ती म्हणाली, "दे आता. चिमूटभरच हं!"

मी दिलं. चिमूटभर.

केशरने सगळं खाल्लं. मट्ट!

अशी ही गोष्ट गच्चीची,
केशरची आणि गोगीची!