दानफेरीचा सडा

कोणत्या मुलखातली ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण एका उंच डोंगराच्या माथ्याशी नऊ घरांची एक वाडी होती. माथ्यावर ऊन भरपूर, वारा भरपूर आणि पाणी मात्र इनमिन एका झिऱ्याचं. झिरा म्हणजे कातळातला हातभर खोल खळगा. त्याच्या तळाशी चिकणमातीचा थर होता आणि बाजूच्या फटीतून थेंबथेंब येणारं पाणी त्या थरावर साचायचं. उन्हाळ्यात एक घागर भरायला दोन घटका लागत.

या झिऱ्याला एक राखणदारीण होती. पाळ्या लावायच्या, घरटी दोनच घागरी जातात का ते पाहायचं, कुणी घागर बुडवू लागलं तर हात धरायचा, हे तिचं काम. पाणी घ्यायचं ते करवंटीने, आणि तळाला लोखंड लागू द्यायचं नाही, असा वाडीचा नियम होता. हे काम तिच्याकडे सासूकडून आलं होतं. सोपवताना सासू म्हणाली होती, "पाळ्या काय, कुनीबी लावंल. जिला न्हाई म्हनता येतं, तीच खरी राखनदारीन."

बारा वर्षं तिने हे 'नाही' चोख सांभाळलं. वाट चुकलेल्या वऱ्हाडाला एका घागरीवर वाटेला लावलं. राजाचा शिपाई घोड्याला पाणी मागायला आला, त्याला ओढा कुठे आहे ते दाखवलं. सख्खा भाऊ गुरं घेऊन आला, तर त्यालाही आल्या पावली परत पाठवलं, आणि तो पुढे दोन वर्षं बोलला नाही. लोक तिला तुसडी म्हणत. म्हणेनात का! नऊ घरांची चूल पेटत होती, तिला तेवढं पुरे होतं.

एका वर्षी पाऊस हातावर तुरी देऊन गेला. माघातच झिरा आटायला लागला, आणि दोन घागरींवरून गोष्ट एका घागरीवर आली.

वाडीवर महिन्याकाठी एक कासार यायचा. बोलका, मऊ हाताचा, डोंगराखालच्या पाच गावांतल्या झाडून सगळ्या बायकांना नावाने ओळखणारा. चैत्राच्या खेपेला बांगड्या भरायला कुणी पुढे येईना. सगळ्या जणी झिऱ्यापाशी पाळी धरून बसलेल्या. तो तिथेच जाऊन बसला आणि एक घागर भरेपर्यंत पाहत राहिला. मग उठून म्हणाला, "ताई, असं न्हाई चालायचं. तुमच्या वाडीला हीर पायजे. आमी दानफेरी काढतो."

दानफेरी ही खालच्या पाच गावांची जुनी चाल. कुणासाठी काही उभं करायचं झालं, की लोक पायी निघत. जो पुरी वाट चालेल, त्याच्या नावाने त्याच्या आळीने एक पायली धान्य द्यायचं. त्या धान्यावर विहीर खणणाऱ्यांची पोटं चालणार होती. आणि ज्यांच्यासाठी फेरी काढली, त्यांनी सगळ्यात पुढे चालणाऱ्या मानकऱ्याच्या ओंजळीत तांब्याभर पाणी घातलं, की फेरी पुरी झाली म्हणायची. तोवर ती नुसती पायपीट.

कासाराच्या जिभेवर साखर होती. आठ दिवसांत पाचशे माणसं चालायला तयार झाली आणि साठ स्वयंसेवकांनी कंबर कसली. काय त्यांची हौस! कुणी वाटेवरचे दगड वेचले, कुणी काटे तोडले, कुणी पताका शिवल्या. अर्ध्या वाटेवर ताकाचा मांडव पडला. एका पैलवानाने तर शेवटच्या चढावर पहारीने खोदून साठ पायऱ्या केल्या. त्याच्या तळहातांना फोड आले, ते त्याने कुणाला दाखवलेसुद्धा नाहीत. राखणदारणीला मात्र ते दिसले.

आपल्यासाठी कुणी इतकं राबतंय, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून यायचे.

फेरीला चार दिवस उरले, तेव्हा स्वयंसेवक तिच्या दारात आले. फेरीच्या वाटेवर सडा घालायचा हीसुद्धा खालची चाल. दान धुळीतून न्यायचं नाही. खाली गावोगाव विहिरी होत्या, तिथल्या माणसांना सड्याचं काय! खालच्या वाटेला त्यांनी बैलगाड्यांनी पाणी आणलं होतं, पण शेवटच्या चढावर गाड्या चढेनात.

"चार घागरी झाल्या तर बरं व्हईल, ताई," कासार म्हणाला. "वाट शिंपून दाबून घेतो."

चार घागरी म्हणजे चार घरांचा एक दिवस. 'नाही' तिच्या ओठांवर आलं होतं. पण समोर ती घामाने निथळणारी माणसं होती, तो पैलवान होता.

"घ्या की," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी शेजारीण तिच्या अंगावर आली. "भावाला न्हाई म्हनालीस. ह्यास्नी म्हनायला काय झालं?"

"भाऊ त्याच्या गुरांसाठी आला हुता. ही मानसं आपल्यासाठी राबत्यात. कोनत्या तोंडानं म्हनू?"

दुसऱ्या दिवशी सहा घागरी गेल्या, तिसऱ्या दिवशी आठ. वैशाखातलं ऊन, सडा वाळायचा आणि पुन्हा घालावा लागायचा. वाडीतली माणसं ओठ ओले करून दिवस काढू लागली आणि एकमेकांना समजावू लागली, की चारच दिवसांचा प्रश्न आहे. स्वयंसेवकांना याचा पत्ताच नव्हता. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि पताका सरळ लागल्यात की नाही हे पाहण्याच्या नादात त्यांनी घरात डोकावूनही पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी, म्हणजे फेरीच्या आदल्या सकाळी, पैलवान स्वतः झिऱ्यावर आला. करवंटीने पाणी भरणाऱ्या बायकांकडे पाहून त्याला हसू आलं आणि मग दया आली.

"ताई, तुमी उगाच खरवडत बसता. सरा बाजूला, जरा रुंद करून देतो. पानी कसं भडाभडा येतंय बघा." त्याच्या हातात पहार होती.

राखणदारणीने बारा वर्षं जे राखलं, ते एका शब्दावर आलं होतं. त्या शब्दाने पैलवान दुखावला असता, कासाराचा चेहरा उतरला असता, साठ माणसं म्हणाली असती, की बघा, ह्यांच्यासाठी मरमर मरायचं आणि वर ह्यांचा तोरा. एवढंच झालं असतं, यापलीकडे काही नाही.

तिने पैलवानाच्या तळहातांकडे पाहिलं. मग खालमानेने म्हणाली, "बरं. जपून मातर."

पहारीच्या दहा घावांत खळगा दुप्पट झाला आणि खरोखरच पाणी उसळलं. गढूळ, पण भरपूर. स्वयंसेवकांनी टाळ्या पिटल्या. वीस घागरी भरल्या, सगळा चढ चिंब केला, वर रांगोळी काढली आणि वाट कशी आरशासारखी झाली म्हणत दुपारी सगळे खाली उतरले.

उन्हं कलली तेव्हा राखणदारीण करवंटी घेऊन झिऱ्यात वाकली. तळाशी चिखल होता. चिकणमातीचा थर फुटला होता आणि खालच्या कातळाची काळी भेग उघडी पडली होती. फटीतून थेंब येत होता, पण साचत नव्हता. भेगेत जाऊन डोंगराच्या पोटात कुठे नाहीसा होत होता कोण जाणे. तिने मूठमूठ माती दाबून पाहिली, पाला भरून पाहिला. थेंब काही थांबला नाही. ती तिथेच बसून मोठ्याने रडली.

सकाळी वाडीतल्या नऊही घरांतली धडधाकट माणसं घागरी घेऊन नदीकडे निघाली. ओढा केव्हाच आटला होता आणि नदी तीन कोसांवर, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. मागे राहिली एक बाळंतीण, दोन म्हातारी माणसं आणि राखणदारीण. तिच्या घरात तांब्याभर पाणी उरलं होतं, ते तिने बाळंतिणीच्या चुलीपाशी नेऊन ठेवलं.

दिवस डोक्यावर आला तेव्हा ढोलताशे वाजवत फेरी चढ चढून आली. पाचशे माणसं, पताका, फुलांच्या माळा. वाडी ओवाळायला उभी असेल या आशेने सगळे वर आले आणि पाहतात तो दारं बंद. ढोल हळूहळू थांबले.

मानकरी पाच गावांचा जुना कारभारी होता. एकटी उभ्या असलेल्या राखणदारणीपुढे त्याने ओंजळ धरली. "बाई, पानी घाल. फेरी पुरी करू."

"न्हाई, कारभारी."

"काय न्हाई?"

"पानी."

कारभाऱ्याने ओल्या वाटेकडे पाहिलं. "पाचशे मानसं तुमच्यासाठी तंगडतोड करत आली. वाडीतलं एक मानूस सामोरं आलं न्हाई. आन् ओंजळभर पानी न्हाई म्हनतीस?"

तेव्हा तिने सगळं सांगितलं. घागरी, पहार, भेग, काही लपवलं नाही. पैलवान झिऱ्याकडे धावला, वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावून तिथेच बसला.

"आमी मागितलं, तू दिलंस," कारभारी शेवटी म्हणाला. "तवाच सांगायचं हुतंस. आता ओंजळ कोरडी ऱ्हायली ती ऱ्हायली."

नदीवरून माणसं परतेपर्यंत थांबा म्हणून कासाराने हातापाया पडून पाहिलं. काही जण कळवळले, काही तिच्यावर चिडले, आणि पुष्कळांना मनातून हायसं वाटलं. दुष्काळाच्या वर्षी पायलीभर धान्य वाचत असेल, तर जुन्या चालीरीती सगळ्यांना तोंडपाठ असतात. फेरी पुरी झाली नाही, सबब दान लागू होत नाही, असं पाचही गावांनी ठरवलं. पाचशे माणसं शिंपलेल्या वाटेने खाली उतरली.

विहीर झाली नाही. मृगाच्या आधीच वाडी उठायला लागली. एक घर मेहुण्याकडे गेलं, एक वीटभट्टीवर गेलं, बाळंतिणीचं माहेरी गेलं ते परत आलंच नाही. राखणदारीण सगळ्यात शेवटी निघाली. बोचकं बांधत होती तेव्हा कासार आला. त्याने बांगड्यांचं गाठोडं आणलं नव्हतं. उंबऱ्याशी उभा राहून तो म्हणाला, "ताई, एकदा न्हाई म्हनाली असतीस तर?"

"म्हनायला पायजे हुतं," ती म्हणाली. "ती चूक माझीच, मरंपतूर माझी. पन तुमी चार दिस आलात, दादा. चारी दिस पानी नेलंत. तुमच्या घरात प्यायला किती हाय, असं एकदाबी इचारलं न्हाई."

तिने बोचकं डोक्यावर घेतलं आणि पैलवानाने खोदलेल्या पायऱ्यांनी ती खाली गेली. त्यानंतर त्या माथ्यावर कुणी राहायला गेलं नाही.

तात्पर्य: ज्याच्यासाठी राबायचं त्याला काय हवं, काय परवडतं, हे आधी विचारावं, नाहीतर आपल्या हौसेचा खर्च त्याच्याच घरातून होतो. आणि उपकाराच्या भिडेपोटी जे 'नाही' गिळलं जातं, त्याची भरपाई मागून कुणी करत नाही, उपकार करणाराही नाही.