सतरा जागी तुटलेली रेघ

"पण मास्तर, चुकलं कुठं ते तरी सांगा!"

शलाकानं तिसऱ्यांदा विचारलं. गणपतमास्तर तिच्या टॅबलेटवरचं चित्र न्याहाळत होते.

शलाकाचा जीव टांगणीला लागला होता. मास्तरांनी शाईनं चितारलेलं मुलांचं पुस्तक रंगवायचं काम तिला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. प्रकाशकांची अट अशी, की नमुन्याचं एक पान पाच वाजेपर्यंत पाठवा, आणि मास्तर हो म्हणाले तरच पुढचं बोलू. चार कधीच वाजून गेले होते.

पान साधंच होतं. पंचगंगेत बसलेली एक म्हैस.

शलाकाचा हात मोठा सफाईचा, आणि ते तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

"एक ठिपका रेघेबाहेर नाही," ती म्हणाली. "तुमची रेघ सतरा जागी तुटलेली होती. बकेटनं एका टिचकीत रंग ओतला की म्हशीचा काळा नदीभर पसरायचा. दोन दिवस बसून सतराच्या सतरा फटी बुजवल्या मी."

"बुजवल्यास?"

"एकूण एक."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"मग म्हैस कुठाय?"

"ही काय, समोर!"

"ही व्हय? ही तर कोरडी हाय."

शलाकाच्या मस्तकात तिडीक गेली. जन्मभर सिनेमाचे बोर्ड रंगवलेल्या म्हाताऱ्याला यातलं काय कळणार, असं अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं. तेवढ्यात फोन थरथरला. प्रकाशकच. तिनं तो उपडा ठेवला.

"रेघ दिसंनाशी करता येती?" मास्तरांनी विचारलं.

तिनं रेघेचा लेयर झाकला.

"आता रंग पूस."

"सगळा?... मास्तर, वेळ बघा किती झाला!"

"पूस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं पुसला. पडदा पांढराफटक झाला.

"नदीत बसल्याली म्हैस बघितलीस का न्हाई कधी?"

"लहानपणी रोज बघायचे. घाटाला लागूनच घर होतं आमचं."

"मग रंगीव."

"कशाच्या आधारानं?"

मास्तरांनी पेन उचलून तिच्या हातात दिलं.

शलाकानं रागारागानं पेन टेकवलं. बकेट नाही, हातानंच. आधी पाठ. मग पाण्यावर निघालेलं तोंड, ओल्या नाकपुड्या. पोटापाशी आली तेव्हा काळा रंग नदीत उतरला आणि नदीचा हिरवा म्हशीच्या कुशीत चढला. केलेलं मागं घ्यायला दोनदा तिचं बोट पुढं गेलं, दोनदा परत आलं. फोन पुन्हा थरथरला, तो तिला ऐकूसुद्धा आला नाही.

भानावर आली तेव्हा पाचाला पाच मिनिटं कमी होती. तिनं घाईनं रेघ पुन्हा दाखवली. रंग जागोजागी रेघ ओलांडून गेला होता.

"वाटोळं झालं, मास्तर. सगळं बाहेर गेलंय."

मास्तरांनी वाकून पाहिलं. मग आपल्याच रेघेवर बोट ठेवलं.

"ही पुन्ना झाक. आन दे धाडून. मी हो म्हनलो म्हून सांग."

"रेघेशिवाय? अहो, चित्र तुमचं आहे! मग तुमचं त्यात उरलं काय?"

मास्तर हसले.

"म्हैस."