बोंडल्यानं पाजायचं पाणी

त्या मुलखात आकाशातून उतरलेल्या कुणालाही डोंगरावरून थेट खाली जाता येत नसे. वाटेत दारोदार टेकावं लागे, तशी रीतच होती.

पावसाची सर नावाची एक आई होती. तिची लेक झरी डोंगराच्या पायथ्याशी राहायची. एवढीशी, दोन दगडांच्या मांडीत मावणारी. लेकीला पाजायला सर निघायची ती पदर खोचूनच. पण आधी पाचोळाआजा आडवा यायचा.

"आलीस का गं बये? टेक जरा."

"टेकायला वेळ कुणाला आहे, आजा? पोर खाली घसा कोरडा करून बसलीय."

"आमच्या काळीही पोरं होतीच की," म्हणत म्हातारा तिला मांडीवर घ्यायचा. तिथून सुटली की माती दार उघडायची आणि आत मुळीमावशी हात धरायची. "लेकराला चोचीच्या बोंडल्यानं पाजतात बाई, घागरीनं नाही," असं म्हणून मावशी तिला थेंब थेंब पुढं सोडायची. झरी वर्षभर चुटूचुटू प्यायची. सर मात्र मनात धुमसायची.

एकदा ती वाऱ्यापाशी बोलून गेली, "ही म्हातारी मंडळी वाटेतून उठतील तर बरं." वाऱ्यानं ते वणव्याच्या कानात घातलं. जुनं जळलं की नवं जोमानं येतं, असं गवत तर कधीचं म्हणतच होतं.

वणवा आला, जेवला, गेला.

पुढच्या खेपेला सर उतरली तर आजाच्या जागी राख. मुळीमावशीचा हात कोळसा झालेला. मातीचं दार मेणानं लिंपल्यासारखं घट्ट. कुणी 'टेक' म्हणालं नाही. सरीला आधी हसूच आलं. ती सुसाट धावली आणि धावता धावता राख, धोंडे, जळके बुंधे तिच्या ओटीत चढत गेले. थांबावंसं वाटलं तेव्हा धरायला काही उरलं नव्हतं.

"आई, हळू," झरी म्हणाली.

सगळी घागर तिच्या तोंडावर उपडी झाली. काठ फुटले, खालची शेतं बुडाली. पाणी ओसरलं तेव्हा झरीच्या जागी धोंड्यांचा आणि काळ्या गाळाचा ढीग होता.

सर अजून येते, हलक्या पावलानं. "टेकू का जरा?" असं दारोदार विचारते आणि घसरते. परवा एका जळक्या बुंध्याला कोवळी फूट आली. तिचं एक पान गळून पडलं. कडा वळलेल्या, टोकाला चोच, हुबेहूब बोंडलं. सर त्यात घोटभर मावली. खाली प्यायला कुणी नाही. पान तो घोट सांडू न देता धरून बसलं आहे.