पट्ट्यावर चढण्याआधी

“पण वस्ताद, त्या पट्ट्यावरच काळजानं दगा दिला तर?”

विचारताना सर्जेरावांचा आवाज पार बारीक झाला होता. भल्याभल्यांना अस्मान दाखवलेला हा गडी. ज्याचं नाव ऐकलं की समोरचा पैलवान दुसरी जोड मागायचा. आता बोला!

दोन महिन्यांपूर्वी त्यांना भर बाजारात हृदयाचा झटका आला. स्टेंट बसला. दवाखान्यातल्या बाई रोज हलका व्यायाम करून घेऊ लागल्या. उद्या परीक्षा होती. छातीला तारा लावून सरकत्या पट्ट्यावर चालायचं, चढ वाढत जाणार, आणि हृदयाला कुठवर झेपतं ते बाई बघणार.

वस्ताद बाबालाल मुजावर तालमीच्या ओट्यावर बसून भिजवलेले बदाम सोलत होते. वय ऐंशीच्या पुढं.

“बाई काय इचारनार?” त्यांनी विचारलं.

“दुखतंय का म्हनून. आनि भिंतीवर सहा ते वीस आकडे लावल्यात. किती जड जातंय त्यो आकडा सांगायचा. नऊ म्हंजे अगदी हलकं, वीस म्हंजे आता जीवच चालला.”

“मग?”

“मी ठरवलंय. पहिल्यापासनं शेवटपातूर नऊच सांगायचं.”

वस्तादांचा हात थांबला.

“सर्ज्या... दुखतंय व्हय?”

सर्जेराव जमिनीकडं बघत राहिले.

“परवा देवळाचा चढ चढताना जरा आवळल्यागत झालं. थांबलो, तसं गेलं. कुनाला सांगितलं न्हाई.”

“बाईंला?”

“सांगितलं की संपलंच! छाती उघडतील, न्हाईतर घरात बशिवतील.” “वस्ताद, मला लई भ्या वाटतंय. न्हानीची कडी लावायला हात धजत न्हाई. आत पडलो तर कुनाला कळायचं?”

वस्तादांनी हातातला बदाम बाजूला ठेवला.

“तेवढी पाठीवर थाप द्या,” सर्जेराव वाकले. “उद्या त्या पट्ट्याला चीत करून येतो.”

थाप पडलीच नाही. वस्तादांनी त्यांचा हात धरला आणि करंगळी मागं वाकवायला सुरुवात केली.

सर्जेरावांना आधी गंमत वाटली. मग कळ मनगटापर्यंत गेली. तरी ते गप्पच. हाड मोडलं तरी तोंड उघडायचं नाही, हा या तालमीचा पहिला धडा, आणि तो याच म्हाताऱ्यानं गिरवून घेतलेला. चौदाव्या वर्षी खांदा निखळला तेव्हा सर्जेरावांनी हूं की चूं केलं नव्हतं. वस्तादांनी ते कौतुक गावभर सांगितलं होतं.

“किती?” वस्तादांनी विचारलं.

“...नऊ.”

करंगळी आणखी मागं गेली.

“किती?”

“नऊ.”

कपाळावर घाम फुटला. डोळ्यांत पाणी आलं. सर्जेरावांनी वस्तादांच्या तोंडाकडं पाहिलं. थट्टेचा मागमूस नव्हता तिथं. म्हातारा खरंच बोट मोडणार होता.

“किती रं?”

“आई आई गं! सोडा वस्ताद! वीस! वीस!”

आरोळी तालमीबाहेर गेली. रस्त्यानं जाणारी एक बाई दचकून उभी राहिली.

वस्तादांनी बोट सोडलं. लाल झालेल्या त्या करंगळीवर ते बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. सर्जेराव पोरासारखे हुंदके देत होते आणि आज त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

“शाब्बास, पठ्ठ्या,” वस्ताद म्हणाले. “आता जा. उद्या चढ पट्ट्यावर.”