कुंभारणीचं पथ्य

लहानथोर हो, गोष्ट फार फार जुनी आहे. नदीकाठच्या एका गावात एक कुंभार आणि त्याची कुंभारीण राहायची. कुंभाराला दम्यानं गाठलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. चाक आता धाकटा भाऊ फिरवायचा. कुंभाराची सेवा मात्र कुंभारीण दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

वैद्यबुवांनी कुंभाराला दही, चिंच, लोणचं वर्ज्य सांगितलं. कुंभारणीनंही सोडलं. हसलं की त्याला खोकल्याची ढास लागायची, म्हणून हिनं हसणंच टाकलं. शेजारणी सागरगोटे खेळायला बोलवायच्या. "तेवढ्यात ह्यांना ढास लागली तर?" म्हणत ती दार लोटून घ्यायची. आपण सेवेत कुठं कमी तर पडत नाही ना, ही शंका तिला रोज खायची. ती स्वतः मात्र चार घाससुद्धा धड खायची नाही.

एकदा जुने वैद्यबुवा यात्रेला गेले आणि त्यांच्या जागी नवे आले. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि सरळ कुंभारणीची नाडी धरली.

"अहो, आजारी हे आहेत, मी नव्हे!"

"असं होय? मला हेच बरे दिसले."

कुंभार खो खो हसला. मग ढास लागली. कुंभारीण ऊन पाणी घेऊन धावली.

ढास थांबल्यावर कुंभार हळूच म्हणाला, "वैद्यबुवा, हिलाच बघा. माझ्यापायी ही वाळत चाललीये. ते बघून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. ही आडवी झाली तर मला उठवणार कोण?"

कुंभारणीला रडूच फुटलं. नऊ वर्षांत तिची अशी विचारपूस कुणी केली नव्हती.

वैद्यबुवा म्हणाले, "बाई, रोज तिसऱ्या प्रहरी घटकाभर सागरगोटे खेळायचे. जेवताना लोणच्याची एक फोड. तेवढा वेळ दीर इथं बसेल."

"भावजींना काढा द्यायला जमेल का पण?"

"एवढाले रांजण घडवतो, वाटीभर काढा नाही देता येणार?"

पहिल्या दिवशी ती डाव टाकून तीनदा घरी धावली. तिसऱ्यांदा कुंभार आतूनच ओरडला, "आहे अजून! जा, खेळ!" शेजारणींची हसून मुरकुंडी वळली. पुढं पुढं ती एकदाच धावायची. पंधरा दिवसांनी धावली, ती डाव जिंकल्याचं सांगायला. ते ऐकता ऐकता कुंभार अर्धी भाकरी जास्त जेवला.

दमा काही गेला नाही. थंडीत तो असा उसळला, की आठ दिवस कुंभाराला पाठ टेकता येईना. कुंभारीण आणि दीर आळीपाळीनं उशाशी बसले. नवव्या दिवशी कुंभार उभा राहिला, तो कुंभारणीच्या खांद्याचा आधार घेऊन. आणि तो खांदा डगमगला नाही.

आजाऱ्याचं पथ्य आजाऱ्यानं पाळावं. सांभाळणाऱ्यानं पोटभर जेवावं, मोकळं हसावं, कारण तीही सेवाच आहे.