भाच्याचं प्लगइन

निकाल दुसऱ्या दिवशी लागणार होता. विद्यापीठाचे परीक्षा नियंत्रक टिपणीस सर गरजले, "ऋता, माझ्या भाच्यानं गुणांची बेरीज करणारं प्लगइन बनवलंय. थेट निकालाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाक. तपासणी कसली, घरचा मुलगा आहे!"

सॉफ्टवेअर सांभाळणारी ऋता गोंधळली. ते प्लगइन चुकलं, तर हजारो मुलांचे गुण चुकणार होते.

"बरं सर. सोबत माझंही एक टाकते."

"तुझं? काय करतं ते?"

"विचारता कशाला? मीही घरचीच की!"

"अगं, मुलांच्या वर्षाचा प्रश्न आहे! आधी खोट्या गुणांवर चालवून दाखव."

"माझं काही नाहीच, सर," चाचणीचा संगणक सुरू करत ऋता म्हणाली. "भाच्याचं चालवते. तुमच्याच हुकमानं."

हा हुकूम आपण नेमका कधी दिला, हे सर अजून आठवताहेत.