जिवा चिताऱ्याची भिंत

नदीवर पूल नव्हता आणि गावात आरसा नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. माळडोह गावात जिवा नावाचा चितारी राहत होता. देवळांच्या भिंती रंगवणं हा त्याचा धंदा. त्याने काढलेला मोर पाहून साप देवळात शिरत नसत, असं म्हणतात. हात असा होता, पण जीभ वाईट होती. माणसाचं दुखरं कुठे आहे ते चिताऱ्याला दिसतं. जिवा बोलताना नेमकं तिथेच बोट ठेवायचा.

एका साली गावाने डोहाईचं देऊळ नव्याने बांधलं. आतल्या भिंतीवर देवी महिषासुराला मारते आहे, असं चित्र काढायचं काम जिवाला मिळालं. घटस्थापनेला पडदा काढायचा ठरला. सगळं झालं. देवीचं लुगडं आणि राक्षसाचं तोंड तेवढं उरलं. लुगड्याला लागणारी तांबडी काव नदीपलीकडच्या टेकडीत मिळायची. चांगली माती ओळखायची ती जिवाच्या बायकोने, मैनाने. रंगही तीच वाटायची.

तीन दिवस उरले आणि नदी फुगली. जिवा मैनाला घेऊन काठावर गेला, तर सटवा नावाडी नाव बांधून बसला होता.

"आज न्हाय," तो म्हणाला. "पाणी उतरलं की वैनीला नेतो."

"तवर देवी तुझ्यासाठी थांबंल व्हय?" जिवाने विचारलं.

"थांबंल. तिला पाणी कळतं."

मैना हसली. "अवो, उद्या जाऊ की," ती म्हणाली.

ते हसणं जिवाला लागलं. तो सटवाला म्हणाला, "भ्या वाटत असंल तर बांगड्या भर आन घरी बस."

सटवा उठला. मैना नावेत बसली, जिवा काठावर राहिला. त्याने दोर सोडला.

मधल्या धारेत नाव उलटली. सटवाने तीन बुड्या मारल्या. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या मुठीत हिरव्या बांगडीचा तुकडा होता आणि तळवा चिरला होता. तो तुकडा त्याने जिवाच्या हातात दिला. मैना सापडली नाही.

गाव काठावर जमलं. पाटलाने विचारलं, "असल्या पाण्यात नाव काढलीसच कशाला?"

सटवाने जिवाकडे पाहिलं. जिवा जमिनीकडे पाहत होता.

"बाई माझ्या नावंतनं गेली," सटवा म्हणाला. "दुसरं काय सांगू?"

जिवाने तोंड उघडलं नाही. पाप एवढंच. ते त्याला जन्मभर पुरलं.

घटस्थापनेला पडदा निघाला. देवीचं लुगडं पांढरंच होतं. राक्षसाच्या धडावर मात्र तोंड आलं होतं आणि ते सटवाचं होतं. सटवा पुढे झाला आणि बराच वेळ बघत राहिला.

"सारखा काढलाय," तो म्हणाला. "कान तेवढा मोठा झाला."

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या नावेत कोणी बसेना. तो दिसला की बाया पोरं आत ओढायच्या. दारावर शेण पडायला लागलं. दिवाळीच्या आत त्याने बायकोला, तुळसाला, नावेत बसवलं आणि नाव प्रवाहात सोडली. निरोप द्यायला कोणी गेलं नाही.

जिवाला वाटलं होतं, आता आपल्याला झोप लागेल. लागली नाही. भिंतीवरचं तोंड काही बोलत नव्हतं. त्या दिवशी काठावरही सटवाने जिवाचं नाव घेतलं नव्हतं. शेवटी जिवाने त्यावर चुना फासला. सकाळी चुन्यातून आधी कान वर आला, मग सगळं तोंड. तीनदा फासला, तीनदा तेच. मग त्याने थापी घेऊन दगडापर्यंत खरवडलं. दगडावरही तोंड होतं, असं म्हणतात. चुना कच्चा असेल, असं काही म्हातारे सांगायचे. दगडाचं काय, ते त्यांना सांगता यायचं नाही.

जिवा नदीच्या काठाने खाली निघाला. वर्षभर चालला. सातव्या घाटावर त्याला एक नाव दिसली. वल्ही तुळसा मारत होती. कपाळ मोकळं होतं.

"तुमी चितारी," ती म्हणाली. "ते म्हणालं हुतं, चितारी येईल. आला की पल्याड सोड, पर पाणी बघून."

"बांगड्या भर असं मीच म्हणालो हुतो," जिवा म्हणाला.

"ठावं हाय मला. सांगितलं न्हाय त्यांनी. तापात बांगड्यांचं बडबडायचं. म्हणायचं, मी न्हाय म्हणायला पायजे हुतं, न्हाय म्हणायला पायजे हुतं. तसंच गेलं."

तिने पाणी बघितलं, सटवाच्या सांगण्याप्रमाणे त्याला पलीकडे नेलं, मग परत आणलं.

जिवा माळडोहला आला. देवळापुढे उभा राहून त्याने सगळ्या गावाला खरं सांगितलं. पाटील म्हणाला, "आता सांगून काय उपेग?"

"काय न्हाय," जिवा म्हणाला. "सांगायचं ऱ्हायलं हुतं."

मग त्याने पुन्हा चुना फासला. या वेळी तोंड वर आलं नाही. जिवाने घाटावर बसून पाण्यात स्वतःला पाहिलं, आणि पाहिलं तसं राक्षसाच्या धडावर काढलं. तोंड उघडं काढलं, बोलत असल्यासारखं. त्या दिवसापासून त्याचं प्रतिबिंब पाण्यात पडेनासं झालं, असं म्हणतात. काव आणायला तो स्वतः गेला. देवीचं लुगडं तांबडं झालं. देवीशेजारी त्याने सटवाला उभं केलं, हात वर करून थांबवताना. त्या हाताच्या मनगटात ओल्या चुन्यात बांगडीचा तुकडा बसवला. त्यानंतर त्याने कुंचला धरला नाही आणि कोणाला टोचून बोलला नाही.

पुष्कळ वर्षांनी तुळसा आली. जिवा पायरीवर बसला होता. डोळे गेले होते. ती आत जाऊन भिंत बघून आली.

"आता कान बरोबर हाय," ती म्हणाली.

जिवाने मान हलवली. ती बसली नाही. आल्या नावेने परत गेली.

आता पूल झाला आहे. तरी माळडोहला नाव आहे आणि नावाडी आहे. दर घटस्थापनेला गावातल्या बाया त्याच्या हातात एक हिरवी बांगडी भरतात आणि तो ती वर्षभर मिरवतो. पाणी चढलं की तो बांगडीचा हात वर करतो. मग पाटील असो की नवरदेव, कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही, मागे फिरतात. परगावचा कोणी बांगडी बघून हसला, तर त्याला देवळात नेतात आणि राक्षसापुढे उभं करतात. सांगत काही नाहीत.